माळ्यावरचा ट्रान्सफॉर्मर आणि रेडिओग्रामची जोडी

घरी व्हॉल्व अँप, म्हणजे काचेच्या जुन्या व्हॉल्ववर चालणारा अँप्लिफायर, करताना मी काम उलटं केलं. सर्किट आधी ठरवलं, व्हॉल्व आधी आणले, आणि ट्रान्सफॉर्मर काय, जुन्या बाजारात मिळतील कुठेतरी म्हणून सगळ्यात शेवटी ठेवले. घरी व्हॉल्व अँप करायला बसलेले बरेच जण असंच करतात कारण व्हॉल्व दिसायला भारी, चमकतो, हातात धरून फोटो काढता येतो, ट्रान्सफॉर्मरचा फोटो कोण काढतंय. आठ महिन्यांनी जो अँप माझ्या टेबलावर वाजायला लागला त्याचं सर्किट वहीतल्या पहिल्या पानाशी जेमतेम जुळतं, कारण जे लोखंड, म्हणजे जो ट्रान्सफॉर्मर, हाताला लागलं त्याप्रमाणे दर वेळी सर्किट बदलावं लागलं. ते कसं आणि का, ते सविस्तर लिहितोय. मधले आकडे माझ्या मीटरवरचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण पद्धत तीच लागेल.

मूळ प्लॅन साधा होता. स्टिरिओ, प्रत्येक चॅनलला एकच ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारा आउटपुट व्हॉल्व), सिंगल एंडेड म्हणजे एकट्यानं काम करणारा, पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा) मोडमधे, आणि त्याच्या आधी सिग्नल वाढवायला एक ईसीसी८३ दोन्ही चॅनलमधे अर्धा अर्धा वाटलेला. डेटाशीट म्हणते २५० व्होल्ट, ४८ मिलिअँप, ५.२ किलोओहमचा लोड, की साडेपाच वॅटच्या वर पॉवर मिळते (डिस्टॉर्शन १० टक्के, पण ते कोणी मोठ्यानं बोलत नाही). माझी खोली दहा बाय बारा, शेजारी भिंतीला भिंत, साडेपाच वॅट म्हणजे चैन.

आता जुनेच ट्रान्सफॉर्मर का? एक तर बाहेरून मागवलेली चांगली आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (व्हॉल्व आणि स्पीकरच्या मधे बसतो तो) जोडी, तिचं वजन, त्यावर कस्टम, हे सगळं धरलं तर बाकी अख्खा अँप त्याच पैशात दोनदा होतो. दुसरं म्हणजे पुण्यात वाइंडर आहेत पण ते स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टरचे. पॉवर ट्रान्सफॉर्मर (मेनमधून वीज देणारा) आणि चोक (करंट सपाट करणारी एकच गुंडाळी) ते झकास करून देतात, आउटपुटमधे मात्र प्रायमरी (आत येणारी गुंडाळी) आणि सेकंडरी (बाहेर देणारी) थरावर थर अशी वाटून गुंडाळावी लागते, नाहीतर वरची फ्रीक्वेन्सी गळते, आणि एवढी कटकट दोन पिसांसाठी कोणी करत नाही. आणि तिसरं खरं कारण, मला जुनी वस्तू उघडून बघायची खाज आहे.

पहिला झटका पॉवर ट्रान्सफॉर्मरनं दिला. घरात दोन मेलेले व्हॉल्व रेडिओ होते, म्हटलं यातलाच एक वापरू, यातही ईएल८४ होताच की. पण रेडिओत ईएल८४ एक असतो. हिशोब केला तेव्हा ट्यूब पेटली: एका ईएल८४ चे अ‍ॅनोड आणि स्क्रीन (व्हॉल्वमधले करंट घेणारे दोन इलेक्ट्रोड) मिळून ५३ मिलिअँपच्या वर, दोनाचे १०७, वर ईसीसी८३ चे दोनतीन, म्हणजे ११० मिलिअँप. एका आउटपुट व्हॉल्वच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर साधारण ७० मिलिअँपच्या हिशोबानं बांधलेला असतो. तरी करून बघितलं, कारण अक्कल एकदम येत नाही. पहिला सिरीज बोर्डवर लावला, ६० वॅटचा बल्ब सिरीजमधे, ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या सेकंडरी मोकळ्या, आणि बल्ब भकाभक पेटला. म्हणजे आत कुठेतरी वेढे एकमेकांना चिकटलेत, खेळ खल्लास. चांगला ट्रान्सफॉर्मर असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकतो आणि मग तार नुसती लालसर दिसते किंवा तीही नाही. जुना ट्रान्सफॉर्मर डायरेक्ट मेनला लावणाऱ्याला मी हात जोडतो, शंभर रुपयाचा सिरीज बोर्ड बनवा आधी. दुसरा रेडिओवाला या परीक्षेत पास झाला पण पूर्ण लोडवर तासाभरात इतका तापला की हात ठेवून दहापर्यंत आकडे मोजता येईनात, आणि गरम मेणाचा वास यायला लागला. बंद केला.

मग सांगलीचे मामा आठवले. मामांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता, आता मुलगा डीजेचं बघतो, पण जुना व्हॉल्वचा अँप माळ्यावर पडून आहे हे मला माहीत होतं. दोन ६एल६ व्हॉल्ववाला, तीस वॅटचा, मागे ४, ८, १६ ओहमचे आणि १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल. गणपतीत आणि लग्नात दोन भोंगे लावून गाव हलवायचा म्हणे. मामा म्हणाले, "नेतोस तर ने, पण उतरवताना पायाकडं बघ, माझा अंगठा एकदा गेलाय त्याच्याखाली."

तो उघडला आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर बघून जीव सुखावला. अंदाज घ्यायची सोपी रीत म्हणजे मधल्या जिभेची रुंदी गुणिले स्टॅम्पिंगच्या (पत्र्याच्या कापांच्या) गठ्ठ्याची जाडी, सेंटिमीटरमधे, आलेल्या क्षेत्रफळाला १.२ ने भागायचं आणि वर्ग करायचा, की ५० हर्ट्झला ढोबळ व्हीए (व्होल्ट गुणिले अँप, म्हणजे ताकद) मिळतात. इथे ३.२ गुणिले ४.४, म्हणजे १४, म्हणजे जवळपास १३५ व्हीए. माझी सगळी मागणी फिलामेंट (व्हॉल्व तापवणारी तार) धरून साठच्या आत. पण ऑगस्ट होता, माळ्यावर चार पावसाळे गळती झालेली, मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावला तर प्रायमरी आणि बॉडीमधे फक्त ८ मेगओहम. टाकून द्यायचा नाही अशा वेळी. पुठ्ठ्याच्या खोक्यात १०० वॅटचा बल्ब पेटवून दोन दिवस शेकला आणि तेच माप १५० च्या वर गेलं. कागदाचं इन्सुलेशन ओलं होतं, फाटलेलं नव्हतं. हे दोन वेगळे आजार आहेत. शेकूनही आकडा वर आला नसता तर मग नमस्कार.

प्रायमरीला मेन जोडायचे टॅप तीन होते, २१०, २३० आणि २५०. आमच्याकडे रात्री मेन २४२ दाखवतो. २३० वर जोडून फिलामेंटला खरा लोड दिला तर ६.७ व्होल्ट आले (पाहिजेत ६.३), कारण वाइंडिंग चार अँपची आणि मी खेचतोय दोनाच्याही आत, त्यात मेन चढलेला. २५० वर टाकला तर ६.२. तिथेच ठेवला. फिलामेंटला पाच टक्क्यांच्या आत ठेवलं की व्हॉल्वचं आयुष्य वाढतं, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरचाही लोखंडी तोटा कमी होतो, तो थंड राहतो. याच कारणानं परदेशातल्या नातेवाइकांकडून येणाऱ्या अमेरिकन ट्रान्सफॉर्मरबद्दल एक सांगून ठेवतो: १२० चा स्टेपडाउन लावला म्हणजे झालं असं नसतं, तो ६० हर्ट्झसाठी मोजूनमापून बांधलेला असला तर आपल्या ५० वर त्याच्या लोखंडात २० टक्के जास्त फ्लक्स जातो, आणि काही पिसं त्यानं गुरगुरतात आणि तापतात.

आता अडचण अशी की एचटी (व्हॉल्वला उंच व्होल्टेज देणारी) वाइंडिंग ३५०-०-३५०, म्हणजे मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूला ३५०. ६एल६ ला हे योग्य, पण नेहमीसारखा रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) लगेच कपॅसिटर लावला तर ४३० च्या आसपास डीसी येणार, आणि ईएल८४ च्या अ‍ॅनोडची हद्द ३००. एक आठवडा मी जाड रेझिस्टर लावून व्होल्टेज जाळायचा विचार करत होतो, जे म्हणजे विहिरीतून पाणी काढून परत विहिरीत ओतणं. मग जुनी युक्ती आठवली, चोक इनपुट. रेक्टिफायरनंतर आधी चोक आणि मग कपॅसिटर. असं केलं की डीसी पीकवर (एसीच्या शिखरावर) चढत नाही, आरएमएसच्या (मीटरवरच्या एसी आकड्याच्या) ०.९ पटीवर बसतो. ३५० गुणिले ०.९ म्हणजे ३१५, त्यातून जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्वचे दहाएक, चोकचे अकरा, ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे आठनऊ वजा, आणि मीटरवर आले २८५. हवे तेवढे! वर फायदा म्हणजे वाइंडिंगमधले करंटचे उंच सुळके जातात, त्यामुळे तोच ट्रान्सफॉर्मर अजून थंड.

चोक इनपुटचे नखरे मात्र आहेत. किमान इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध, हेन्रीत मोजतात) लागतो, ढोबळ नियम व्होल्ट भागिले मिलिअँप, ३१५ भागिले ८८, म्हणजे साडेतीन हेन्री तरी पाहिजे, मी १० घेतला. आणि व्हॉल्व तापायच्या आत करंट शून्य असेल तर व्होल्टेज पीककडे म्हणजे ४९५ कडे पळतो, ४५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे फुटेल. म्हणून ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमधे, प्रत्येकावर २२० के (किलोओहम) चा रेझिस्टर, आणि शिवाय २२ के चा तगडा ब्लीडर (थोडा करंट सतत पिणारा रेझिस्टर) कायमचा. ब्लीडरचा दुसरा उपयोग तुम्हाला कळलाच असेल, बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे होतात. तरीही हात घालायच्या आधी मीटर लावायचा, दर वेळी, कंटाळा आला तरी.

मामांच्या अँपमधला मूळ चोक आधी वापरून बघितला. तो कपॅसिटरच्या मागे बसायला बनवलेला, त्याच्यावर एसी फार पडतच नसे. पुढे बसवल्यावर खोक्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज. बोल्ट आवळले, वॉर्निशमधे बुडवून वाळवला, फरक दहा आणे. शेवटी बुधवार पेठेतल्या एका वाइंडरकडून नवा करून घेतला, मोठा कोर (लोखंडी गाभा) आणि जाड गॅप (त्यातली फट). म्हणजे अख्ख्या अँपमधलं एक लोखंड नवं आहे, आणि मला त्याची लाज नाही. जुनं ते सोनं वगैरे चोकच्या बाबतीत मला पटत नाही, चोक हा हमाल आहे, त्यानं गप ओझं वाहावं.

खरी मजा आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. आणि खरी फजितीही. मुंबईला गेलो असताना एका दुकानातून "इंग्लिश आउटपुटची जोडी, साहेब, अशी मिळत नाही आता" म्हणून दोन सुंदर पिसं उचलली, डांबर भरलेली, डबा बंद, वर ओहम लिहिलेले. घरी आल्यावर एक लावला आणि आवाजात खालचा भाग गायब, तबल्याचा डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी. डबा बंद असल्यामुळे आत दिसत नव्हतं, डांबर वितळवलं तेव्हा कळलं की ते पुशपुलचे आहेत, मधला टॅप कोणीतरी कापून टाकलेला.

हे समजून घ्या कारण जुनं लोखंड घेताना सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. सिंगल एंडेडमधे व्हॉल्वचा सगळा डीसी करंट प्रायमरीतून एकाच दिशेनं वाहतो, तो लोखंडाला आधीच अर्धं भरून टाकतो, म्हणून स्टॅम्पिंगमधे मुद्दाम फट ठेवतात. पुशपुलमधे दोन व्हॉल्वचे डीसी एकमेकांना खोडतात, फटीची गरज नाही, आणि फट नसल्यामुळे इंडक्टन्स भरपूर मिळतो. विल्यमसन या ब्रिटिश डिझायनरनं १९४७ साली वायरलेस वर्ल्ड या मासिकात जो प्रसिद्ध अँप दिला त्याच्या आउटपुटला प्रायमरी इंडक्टन्स किमान १०० हेन्री मागितला होता. असा फट नसलेला कोर सिंगल एंडेडला लावला की तो डीसीनंच गच्च होतो, आणि बासला जागा उरत नाही. ओळखायचं कसं, तर गठ्ठ्याच्या कडेला बघायचं. ई एका बाजूला सगळे, आय दुसऱ्या बाजूला सगळे, आणि मधे कागदाची सरळ रेघ, तर फट आहे. एक पत्रा असा आणि एक तसा, विटांच्या भिंतीसारखा सांधा दिसला तर फट नाही. डबाबंद माल घ्यायचा असेल तर हे बघता येत नाही, म्हणून मी आता डबाबंद घेतच नाही, कितीही इंग्लिश असो.

त्यानंतर रेडिओचे आउटपुट तपासले. दोन वेगळ्या कंपन्यांचे, एकाचा रेशो (प्रायमरीचे वेढे भागिले सेकंडरीचे) ४१, दुसऱ्याचा ३०. रेशोचा वर्ग गुणिले स्पीकरचे ओहम म्हणजे व्हॉल्वला दिसणारा लोड. ४१ वाला त्याच्या जुन्या ३ ओहमच्या स्पीकरला बरोबर ५ के दाखवायचा, पण माझ्या ८ ओहमच्या स्पीकरला तो साडेतेरा के दाखवणार. जुन्या रेडिओचे स्पीकर बहुतेक ३ ते ५ ओहमचे असत, आजचे ८, हे विसरून लोक "ईएल८४ चाच ट्रान्सफॉर्मर आहे" म्हणून लावतात आणि मग व्हॉल्वला नावं ठेवतात. आणि डावाउजवा दोन जातीचा असेल तर स्टिरिओ कसला, दोन माणसं दोन भाषेत एकच गाणं म्हणतायत.

हेच माझ्या डोक्यात नव्हतं: मला भारी ट्रान्सफॉर्मर नको होता, जुळा पाहिजे होता. आणि जुळे सापडण्याची एकच हमखास जागा, जी वस्तू मुळातच स्टिरिओ होती. रविवारी जुन्या बाजारात वाळवी लागलेला एक स्टिरिओ रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच कपाटात) दिसला, चेंजर (रेकॉर्ड बदलणारा भाग) गायब, लाकूड भुसा झालेलं, आणि आत चेसिसवर दोन सारखे आउटपुट शेजारी शेजारी. अठराशेला आणला, घरचे अजून त्या भुश्यावर बोलतात.

माप असं घेतलं. छोट्या ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट एसी प्रायमरीला दिले आणि सेकंडरीवर मोजलं. एकावर ०.७५, दुसऱ्यावर ०.७४. म्हणजे ३२ आणि ३२.४, सख्खे भाऊ. (काही जण उलटं करतात, फिलामेंटचे ६.३ सेकंडरीला देतात आणि प्रायमरी मोजतात. आकडा येतो, पण प्रायमरीवर दोनशे व्होल्ट उभे राहतात, तारा हातात धरून बसू नका.) नंतर प्रायमरीबरोबर १०० ओहम सिरीजमधे टाकून त्यावरचा व्होल्टेज बघितला, १.२७ आला, म्हणजे १२.७ मिलिअँप, त्यावरून इंडक्टन्स सुमारे ६ हेन्री. डीसी वाहायला लागल्यावर थोडा कमी होईल, पण फट होती, फार नाही. डीसी रेझिस्टन्स ४०० ओहमच्या जवळ, कडा हिरव्या पडलेल्या नाहीत. कोकणातून आलेल्या मालात हिरवे डाग असले तर केसासारखी तार आतून खाल्लेली असते, आज चालते आणि महिन्यानं उघडते.

आता ३२ चा वर्ग १०२४, गुणिले ८, म्हणजे ८.२ के. पाहिजे होता ५.२. इथे तीन रस्ते होते. चार ओहमचे स्पीकर शोधा, किंवा दुसरा ट्रान्सफॉर्मर शोधा, किंवा व्हॉल्व बदलून वापरा. मी तिसरा धरला आणि ईएल८४ ट्रायोड जोडला, म्हणजे स्क्रीन एका छोट्या रेझिस्टरमधून अ‍ॅनोडला. पेंटोडला लोड वाढवला की थर्ड हार्मोनिक (मूळ सुराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीची भेसळ) चढतं आणि आवाज करवतीसारखा होतो, ट्रायोडला लोड वाढवला तर तो उलट निवांत होतो, पॉवर तेवढी घटते. आणि खरा नफा खालच्या फ्रीक्वेन्सीत. पेंटोडचा आतला रेझिस्टन्स ३८ के च्या आसपास, ८.२ के च्या पॅरललमधे ६.७ के, त्याला ६ हेन्रीवर बास १८० हर्ट्झपासूनच उतरायला लागतो. ट्रायोडचा आतला २ के, पॅरललमधे १.६ के, आणि तोच उतार ४३ हर्ट्झवर गेला. ट्रान्सफॉर्मर तोच, एक पैसा खर्च नाही, फक्त एक वायर हलवली. पेंटोडमधे फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल परत मागे देणं) लावूनही बास वाढवता येतो, पण अशा लहान कोरच्या जुन्या आउटपुटला खूप फीडबॅक लावला की तो वरच्या टोकाला शिट्टी मारतो, मला ते निस्तरायचं नव्हतं.

ट्रायोडमधे कॅथोडला २७० ओहम, करंट ३६ मिलिअँप, व्हॉल्ववर २६० व्होल्ट, म्हणजे साडेनऊ वॅट, हद्द बाराची. एकूण करंटही ११० वरून ब्लीडरसकट ८८ ला आला. ८ ओहमवर स्कोपला ३.२ व्होल्ट आरएमएसपर्यंत साइन वेव्ह गोल राहतो, म्हणजे सव्वा वॅट. साडेपाचचे स्वप्न आणि सव्वा वॅट! पण स्पीकर जुने आणि हलके आहेत, खोलीत पुरून उरतो. एक वॅटला ५० हर्ट्झवर ३ डीबी (म्हणजे निम्मी पॉवर) खाली, वर १६ किलोहर्ट्झपर्यंत ठीक.

शेवटचं लफडं गुणगुण. सगळं पाटावर मांडलं होतं आणि उजव्या चॅनलमधे घुंऽऽ. खोदकाम न करता शोधायची रीत अशी की आउटपुट ट्रान्सफॉर्मरला बाकी काही न जोडता फक्त त्याच्या सेकंडरीला हेडफोन लावायचा, पॉवर सप्लाय चालू करून लोड म्हणून रेझिस्टर द्यायचा, आणि आउटपुट हातानं फिरवत सरकवत बसायचं, जिथे आवाज मरतो तिथे पेन्सिलनं खूण. मी पॉवर ट्रान्सफॉर्मरला दोष देत होतो, निघाला चोक. चोक इनपुटचा चोक १०० हर्ट्झ बाहेर फेकतो आणि जाड गॅपमुळे जास्तच. त्याला पंधरा सेंटिमीटर लांब नेला, आउटपुट काटकोनात आडवे केले, चेसिस लोखंडी पत्र्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं, आणि मग कान स्पीकरला चिकटवल्याशिवाय ऐकू येईना.

दिवाळीत मामा आले, सोफ्यावर बसून दोन गाणी ऐकली, मग अँपच्या मागे जाऊन वाकून बघितलं. "ट्रान्सफॉर्मर आमचा," म्हणाले, "पण आवाज एवढाच?" मी म्हटलं मामा, सव्वा वॅट आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

चार तास सलग चालवला की पॉवर ट्रान्सफॉर्मर कोमट होतो, हात आरामात राहतो. मामांच्या अँपचा आउटपुट टेबलाखाली आहे. मोजला, ८ ओहमच्या टॅपला रेशो २८.७, म्हणजे प्लेट टू प्लेट ६.६ के, फट नाही, पुशपुलला एकदम फिट. पण एकच आहे. रविवारी जुन्या बाजारात तसंच चेसिस दिसतंय का बघत असतो, परवा एक सापडलं होतं, सिरीज बोर्ड पिशवीतच होता, लावला, बल्ब भकाभक.